काळ्या सोन्याची बाळी

ठोकेकाकांच्या उजव्या कानात एक काळी बाळी असायची. काळी म्हणजे मळलेली नव्हे. तेल लावून विंचरलेल्या केसांना असतो तसा दाट काळा रंग, उन्हात आली की जराशी जांभळी झाक. ही बाळी सोन्याची आहे, असं ते कुणी विचारलेलं नसतानाही सांगायचे. कँटीनमध्ये, बँकेच्या रांगेत, लग्नाच्या पंगतीत, कुठेही. समोरचा हसला तरी ते हसत नसत. “सोन्याची हाय. तुले दिसून नाही राहिली, तं डोळे तुहे, बाळी माही.” एवढं बोलून ते पुन्हा वरणभात कालवायला लागायचे.

ठोके हे त्यांचं आडनाव नव्हतं. भिलाईच्या स्टील प्लांटमधल्या आमच्या प्रयोगशाळेत त्यांना हे नाव पडलं आणि ते त्यांनी हक्काने वापरलं. मी तिथे केमिस्ट होते आणि ते नमुने घासणारे टेक्निशियन. मिलमधून आलेला पोलादाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा तर त्याला आधी आरशासारखी चमक आणावी लागते. हे काम त्यांनी सगळी नोकरीभर केलं. हुद्द्याने मी वर, वयाने ते वडिलांच्या बरोबरीचे. गेटच्या आत ते मला मॅडम म्हणायचे आणि गेटच्या बाहेर पाऊल पडताच पोरी. त्यांनी घासलेल्या तुकड्यात बघून मी कितीदा टिकली सरळ केली असेल, पण त्यांच्या दुर्गच्या मोहन नगरातल्या घरात चमकणारी वस्तू औषधालासुद्धा नव्हती. एकदा विचारलं तर म्हणाले, “तिथं आठ घंटे चमकवतो ते तपासाले. घरी कोनाले तपासू?”

ते भंडाऱ्याकडच्या तांबटांच्या घरातले. वडील तांब्याची घंगाळं, पातेली, पाण्याचे गुंड घडवून आठवडी बाजारात विकायचे. मग घरोघरी स्टीलची भांडी आली, वडिलांची ऐरण थंड पडली आणि मुलगा भिलाईला येऊन पोलादाच्या कारखान्यात लागला. “माह्या बापाचा धंदा स्टीलनं खाल्ला, अन् मी जिंदगीभर स्टीलचंच खाल्लं,” असं ते म्हणायचे. मी चिडवायचे, काका, आपल्याकडे रूळ बनतात, ताटं-वाट्या नाही. ते म्हणायचे, “भाऊच तो त्याचा.” पण वडिलांची हातोडी त्यांनी सोडली नाही. भिलाईतल्याच सुपेल्याच्या बाजारामागे एका गल्लीत पत्र्याची टपरी घेतली होती. रविवारी तिथे बसून ते तांब्याचं भांडं मठारायचे. मठारायचं म्हणजे हातोडीचे बारीक ठोके शेजारी शेजारी देत पत्रा घट्ट करत न्यायचा. ते ठोके भांड्यावर तसेच दिसत राहतात. काकांच्या सगळ्या जिवाचा ओढा त्या ठोक्यांकडे होता.

आमचे एक साहेब निवृत्त झाले तेव्हा त्यांना तांब्याची पाण्याची बाटली भेट दिली होती. सुंदर होती, वरपासून खालपर्यंत ठोके. खोक्यावर हाताने घडवलेली असं छापलेलं. काकांनी ती हातात घेतली, अंगठा फिरवला आणि भर समारंभात म्हणाले, “साहेब, हे ठोके खोटे हायत. मशीननं दाबले. मानसाचा हात दोनदा सारखा पडत नाही.” साहेब कसंनुसं हसत म्हणाले, “अरे भाई, गिफ्ट है।” काका म्हणाले, “तं गिफ्ट म्हना नं. हाताचं कावून म्हनता?” कुणीतरी घाईघाईने समोसे वाटायला सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी मी त्यांना एकांतात झापलं, तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की झापणारी मीच चूक केल्यासारखी परत आले.

त्यांचा एक नियम होता. मठारताना एखादा ठोका वाकडा पडला तर तो घासून काढायचा नाही. पुढचे ठोके त्याच्याभोवती बसवून घ्यायचे आणि तो तिथे राहू द्यायचा. हा वडिलांचा नियम. “ठोका लपवाचा नाही, पोरी. लपवाले गेलं का तिथं पत्रा पातळ होते. अन् मंग भांडं फुटते ते तिथूनच फुटते.” मला तेव्हा हे फक्त भांड्यांपुरतं वाटलं होतं.

आता माझ्या सासूबाईंबद्दल सांगायला हवं, कारण त्यांच्यामुळेच ती बाळी काळी झाली. आमचं घर स्मृति नगरात. सासूबाई मूळच्या गोंदियाकडच्या, पण लग्नाआधी छत्तीसगडमधल्या एका लहान गावी मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या. तिथे एक अमेरिकन डॉक्टरीणबाई होत्या. त्या कायमच्या मायदेशी निघाल्या तेव्हा इतर नर्सना साड्या मिळाल्या आणि सासूबाईंना मिळाला चांदीचा जग. वीतभरही उंच नाही, दूध वाढायचा. डॉक्टरीणबाईंच्या आजीचा म्हणे. त्याच्या सबंध अंगावर बारीक खळगे होते. पोटावर एक काळाभोर मासा बसवलेला, खाली तांबूस रंगाची दोन पानं. छत्तीसगडी लोक काळ्या मांगूर माशाला मोंगरी म्हणतात, म्हणून सासूबाई त्याला “माही मोंगरी” म्हणायच्या. दर दिवाळीला सगळी भांडी आम्ही घासायचो, पण हा जग त्या स्वतः जुन्या धोतराच्या मऊ फडक्याने नुसता पुसायच्या. का म्हणून मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

त्या वर्षी त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. एका डोळ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर ठरलं. डॉक्टरांनी गमतीने विचारलं, आजी, डोळा उघडल्यावर आधी कुणाला पाहाल? मुलगा शेजारी उभा, मी शेजारी उभी. त्या म्हणाल्या, “माह्या मोंगरीले.”

तर त्यांना दिसत नसलेल्या त्या दिवाळीत जग माझ्या हाती आला. आमच्या लोकांत तांबं काळं राहिलं की सुनेची अब्रू जाते. मी तांब्या-पितळेच्या रांगेत त्यालाही बसवलं. चिंच, मीठ आणि वरून भांडी घासायची पावडर. मासा काही केल्या साफ होईना तसा मला चेव आला. नारळाच्या शेंडीने घासला. हळूहळू काळा गेला आणि मासा लालबुंद निघाला, नव्या तांब्याच्या लोट्यासारखा. खरं सांगते, मला आधी आनंद झाला. किती वर्षांची घाण काढली, असं वाटलं. जग पुसून फळीवर ठेवताना हात थांबला. मोंगरी लाल नसते.

माझं धाबं दणाणलं. ऑपरेशनला तीन आठवडे होते. नवऱ्याला सांगितलं नाही, कुणाला नाही. जग पिशवीत घातला आणि सुपेल्याच्या एका सराफाकडे गेले. त्याने जग दिव्याखाली फिरवून पाहिला आणि चुकचुकला. “मैडम, ये तो पूरा पिटा हुआ है। सब डेंट निकाल देंगे, बफ मार देंगे, एकदम चकाचक। मछली पे काला पेंट कर देंगे, पता भी नहीं चलेगा।” पता भी नहीं चलेगा, हे ऐकून मला किती हायसं वाटलं ते आज लिहायला लाज वाटते. मी जग त्याच्या हातात देणारच होते. पण आत चकाकी काढायचं बफचं चाक फिरत होतं, आणि ते इतकं कर्कश ओरडत होतं की मी उद्या येते म्हणून बाहेर पडले आणि मागच्या गल्लीत काकांच्या टपरीत शिरले.

काकांनी माशाकडे पाहिलंच नाही. जग हातात घेतला आणि अंगठा फिरवू लागले. खालपासून वर, गोल गोल.

“हा कोनं मठारला?”

“अमेरिकेतला आहे, काका.”

“अमेरिकेत तांबट हायत?” त्यांनी इतक्या गंभीरपणे विचारलं की मला हसू आलं. त्यांना आलं नाही. “पाह्य, याईनं ठोके पुसले नाहीत. चांदीवर! चांदीवाला तं सगळ्यात पहिले ठोका पुसते.” मग त्यांचा अंगठा दांडीच्या खाली एका जागी अडला. तिथे त्यांनी तो दोनदा-तीनदा नेला. “हा हातोडीचा नाही. हा पडल्याचा हाय. कोनंतरी याले पाडलं.”

“मी नाही पाडला.”

“तू नसन. जुना हाय.”

मग मी माशाची हकीकत सांगितली. त्यांनी सगळं ऐकून एकच विचारलं, “म्हातारीले सांगतलं?”

“नाही. काका, तुम्ही तो आधी काळा करून द्या ना. मग सांगायची वेळच येणार नाही.”

काकांनी जग माझ्या पिशवीत परत ठेवला आणि पिशवीची चेन लावून दिली. “लपवाच्या कामाले माहा हात नाही. पहिले सांग, मंग आन.”

मला राग आला. चांगलाच आला. मी त्यांची अधिकारी, ते मला माझ्या घरातलं वागणं शिकवणार? पाय आपटत निघून आले. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत ते नमुन्यांचा ट्रे घेऊन आले, खाली ठेवला आणि हळूच म्हणाले, “मॅडम, मासा कशाचा हाय, ते तं पाहून घेऊ.” माणूस अडून बसायचा, पण कुतूहल त्याच्याहून मोठं होतं.

आमच्याकडे भंगार ओळखायची एक बंदूक असते. धातूवर धरली की आत काय काय मिसळलंय ते पडद्यावर येतं. जग आत न्यायचा तर गुपचूप पर्समधून नेता आला असता. काकांनी ते चालू दिलं नाही. गेटवर रजिस्टरमध्ये नोंद करायला लावली. जवानाने लिहिलं, दूध का जग, एक नग, आणि आमच्या दोघांकडे संशयाने पाहिलं. बंदूक पानांवर धरली, तांबं आलं. माशावर धरली, तांबं आलं, आणि त्याखाली सोनं. फार नाही, शंभरात चारेक भाग. काकांनी मला तीनदा बंदूक धरायला लावली.

त्या आठवड्यात मी जे मिळेल ते वाचलं. सुमारे दीडशे वर्षांपूर्वी जपानची दारं बाहेरच्यांसाठी उघडली तेव्हा तिथल्या तलवारींच्या मुठी आणि लहानसहान धातूकाम अमेरिकेत पोचलं. तिथले चांदीचे कारागीर ते पाहून चाट पडले. जपानी लोक ठोके पुसत नव्हते, तेच सजावट म्हणून ठेवत होते. आणि रंग लावायच्या ऐवजी वेगवेगळ्या रंगाचे धातू शेजारी बसवत होते. अमेरिकनांनी तसंच करायला घेतलं. चहाच्या किटल्यांवर, जगांवर मासे, खेकडे, चतुर उमटले. त्यातला सगळ्यात काळा धातू म्हणजे तांब्यात थोडं सोनं घालून एका खास पाण्यात उकळलेला. काळा थर अगदी पातळ असतो. चिंच त्याला पुरून उरते.

हे सगळं मी कँटीनमध्ये काकांना सांगितलं. ते चहा प्यायचे थांबले.

“म्हंजे काळं व्हावं म्हनून सोनं घातलं?”

“हो.”

“सोनं घातल्याबिगर असा काळा येत नाही?”

“नाही. नुसतं तांबं तपकिरी होतं.”

काका इतके हसले की शेजारच्या टेबलावरचे वळून बघायला लागले. रंगाने ते स्वतः चांगले काळे होते. कोक ओव्हन विभागातली माणसं त्यांना कोळसा म्हणून हाक मारायची आणि त्यात काही वाईट आहे असं कुणाला वाटायचं नाही. “पोरी,” ते डोळे पुसत म्हणाले, “जिंदगीभर मले काळ्या म्हनलं लोकाईनं. थांब, आता सांगतो एकेकाले.” गेटच्या आत त्यांनी मला पोरी म्हटल्याची ती एकच वेळ.

जगाला हात लावणार नाही, यावर ते ठाम होते. पण काम शिकून ठेवायला काय हरकत आहे, असं त्यांनी स्वतःच ठरवलं. शिकायचं तर तसाच धातू हवा. तो कुठे मिळणार? पुढच्या सोमवारी ते कामावर आले तेव्हा उजव्या कानाला नुसतं भोक होतं. वडिलांनी घातलेली सोन्याची बारीक बाळी त्यांनी टपरीतल्या मुशीत तांब्याबरोबर वितळवली होती. संध्याकाळी मला काकूंचा फोन. “मॅडम, तुमच्या माशानं माह्या नवऱ्याचा कान खाल्ला! सासऱ्यायची निशानी होती ती.” मी माफी मागितली, काकूंनी ती घेतली नाही, आणि फोन ठेवला.

त्या वितळलेल्या गोळीचे काकांनी नखाएवढे तुकडे केले. व्हिनेगरच्या वाफेवर तांब्याच्या पट्ट्या ठेवून त्यांच्यावर येणारा हिरवा थर खरवडला, तो मोरचुदाबरोबर पाण्यात घातला आणि ते पाणी तांब्याच्या पातेल्यात उकळलं. पहिला तुकडा विटकरी झाला. दुसऱ्यावर डाग आले. डाग अंगठ्याचे होते, कारण पाण्यात सोडण्याआधी त्यावरून अंगठा फिरवल्याशिवाय त्यांना राहवत नसे. मग मी वाचलेलं सांगितलं, की जपानी लोक तुकडा बुडवण्याआधी त्याला किसलेला मुळा चोळतात. काकांना वाटलं मी थट्टा करते आहे. “मुळा? खाचा मुळा?” सुपेल्याच्या भाजीबाजारात मुळे नुकते आले होते. चोळून उरलेला कीस ते मीठ लावून खाऊन टाकायचे. चौथा तुकडा मुळ्यातून पाण्यात गेला आणि वर आला तो काळा. माझ्या माशाचाच काळा. कापसात गुंडाळून त्यांनी तो प्रयोगशाळेत आणला, माझ्या टेबलावर ठेवला आणि विचारलं, “मॅडम, सांगतलं का?”

सांगितलं नव्हतं. ऑपरेशन होऊन गेलं तरी नाही. उद्या सकाळी पट्टी निघणार, आणि आदल्या दुपारी सासूबाई पलंगावर बसून चाचपडत कडधान्य निवडायचा हट्ट करत होत्या. मी जग घेऊन त्यांच्याशेजारी बसले.

“आई, मोंगरी लाल झाली आहे.”

“म्हंजे?”

“मी घासली. चिंचेनं. दिवाळीत. तेव्हापासून लपवून ठेवली होती.”

त्यांनी हात पुढे केला. मी जग दिला. त्यांनी माशावर बोटं ठेवली, पण बोटांना रंग कसा कळणार. मग त्यांची बोटं सरकत दांडीच्या खाली गेली, काकांचा अंगठा अडला होता त्याच जागी, आणि तिथेच राहिली.

“इथं एक ठोका हाय, पाह्य. तो माहा हाय.” त्या सावकाश बोलत होत्या. “नवीनच लागली होती मी. डॉक्टरीणबाई राउंडले गेल्या होत्या. मी टेबल पुसून राहिली होती, अन् हातातून सुटला. फरशीवर. उचलून परत ठेवला. एवढ्या खड्ड्यात अजून एक कोनाले दिसते? बोललीच नाही मी. जाताना त्याईनं हाच जग मले देल्ला. तवापासून विचार करते, त्याईले माहीत होतं का नव्हतं. विचाराची सोयच राहिली नाही.”

मी त्यांचा हात धरला. मला रडू आवरेना. त्यांनी हात सोडवून घेतला.

“ते ठीक हाय. पन तुले चिंचच कावून सुचली?” असं म्हणून त्या माझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. मुलाला बाजूला सारून त्यांनी जग मागितला, लाल माशाकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, “नागवी दिसते बिचारी.”

रविवारी त्या स्वतः सुपेल्याला आल्या. काळा चष्मा, डोक्यावर पदर, टपरीत प्लास्टिकच्या स्टुलावर ताठ बसलेल्या. काकांनी त्यांना चहा मागवला, मला मुळा किसायला लावला. जग राखेने आणि पाण्याने स्वच्छ झाला, मुळ्याने माखला आणि तांब्याच्या आकडीला लटकवून पातेल्यात उतरला. अंगठा फिरवायचा मोह होऊ नये म्हणून काकांनी हाताला फडकं बांधून घेतलं होतं. आम्ही तिघं त्या हिरव्या पाण्यात डोळे घालून उभे. मासा आधी तपकिरी झाला. मग जांभळा. मग एका क्षणी तो काळा होता, आणि कधी झाला ते तिघांपैकी कुणालाच सांगता येईना. पानं लालसर राहिली, चांदी चांदीच राहिली. सासूबाईंनी हात जोडले, कुणाला ते मला कळलं नाही.

जग वर काढताना आकडी सुटली. काकांनी तो हवेत झेलला, पण आकडीचं टोक चांदीवरून सरकलं आणि पोटावर एक ओरखडा उठला, बोटाच्या पेराएवढा. तेव्हा त्यांचा हात कापायला लागला होता, आम्हीच लक्ष दिलं नव्हतं. असा ओरखडा पाच मिनिटांत दाबून नाहीसा करणारा माणूस होता तो. त्यांनी जग पुसला, फिरवला आणि ओरखड्याची बाजू सासूबाईंसमोर धरली.

“बाई, हा माहा. आकडी सुटली.”

“राहू द्या,” सासूबाई म्हणाल्या. मग दांडीखाली बोट ठेवून, “अन् हा माहा.”

“म्हंजे तुमचा होता का तो!” काकांचा चेहरा उजळला. “महिना झाला, मी विचार करून राहिलो, कोन असन बा.”

माझी खूणही होतीच. नारळाच्या शेंडीने मी माशाच्या खवल्यांच्या रेघा घासून पुसट केल्या होत्या, त्या काही परत आल्या नाहीत. काकांनी नव्याने कोरल्या नाहीत. मी सुचवलंही नाही.

पुढे रायपूरचे एक ओळखीचे गृहस्थ आले होते, जुन्या वस्तूंतले जाणकार. त्यांनी भिंगातून पाहून नाराजीने मान हलवली. काळा रंग मूळचा राहिला नाही, एक पोचा आहे, एक ओरखडा आहे, वस्तू बिघडवली तुम्ही, म्हणाले. पोचा काढून मिळेल, ओरखडाही. काकांना हे कळलं तेव्हा ते मुद्दाम आमच्या घरी आले, फक्त त्या गृहस्थांचा पत्ता मागायला. मी दिला नाही. पण सांगायला हरकत नाही की त्या ओरखड्याला बफ लावायला कुणी आलंच, तर पत्त्याची गरज पडणार नाही, मीच पुरेशी आहे.

तुकड्यांतून उरलेल्या धातूची काकांनी तार ओढली, बाळी केली, मुळ्याने चोळून काळी केली आणि कानात घातली. काकू कितीतरी दिवस धुसफुसत होत्या. सोन्यासारखं सोनं काळं करून बसला, म्हणून येईल त्याला सांगायच्या. चारचौघांत गेलं की बायकांना वाटायचं, ठोकेकाकांची परिस्थिती बिघडली. नातवाच्या बारशाला काकूंनी त्यांना बाळी काढून ठेवायला सांगितलं. काका बाळी घालून गेले आणि दारातच सगळ्यांना सांगत सुटले, सोन्याची हाय म्हणून. काकू त्या दिवशी त्यांच्या पंगतीला बसल्या नाहीत.

निवृत्तीनंतर हात जास्तच कापायला लागला. डॉक्टरांनी हातोडी बंद करायला सांगितली. त्यांनी डॉक्टर बदलला. दुसऱ्यानेही तेच सांगितलं, तेव्हा म्हणाले, “आता माहे सगळेच ठोके वाकडे पडतीन. पडू दे. एकही पुसनार नाही.” त्या वर्षी केलेलं एक पातेलं माझ्याकडे आहे. त्याचे ठोके खरोखरच वाकडे आहेत. रोजचं वरण मी त्यातच करते.

मागच्या उन्हाळ्यात एका सकाळी ते गेले. मी मोहन नगरला पोचले तेव्हा अंगण भरलं होतं. आंघोळ घालून झाली होती आणि नातेवाईक न्यायच्या तयारीत होते. त्यांचे धाकटे भाऊ अंगावरचं काढून घेत होते. बोटातली अंगठी, गळ्यातला बारीक गोफ, सगळं रुमालात. मग त्यांचा हात कानाकडे गेला.

“वहिनी, हे काढू का? सोनं असन तं राहू देनं बरं नाही.”

काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. सकाळपासून त्या कुणाशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्या उठून उभ्या राहिल्या.

“सोन्याचीच हाय. राहू द्या कानात.”

भावाने वाकून बाळीकडे पाहिलं, मग इतरांकडे. कुणीतरी हळू आवाजात म्हणालं, बिचारीला भान नाही. भावाने समजुतीच्या सुरात विचारलं, “वहिनी, सोनं काळं असते का?”

काकूंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मग सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, “असते.”

मग बाळीला कुणी हात लावला नाही.